दहा हात जाळं, सात हात दोर

आमच्या घरी जाळं दोरावर चढवाचा एकच कायदा होता: दहाले सात. म्हंजे असं, की विणलेलं जाळं दोघांनं दोन टोकं धरून पुरं ताणाचं. ताणलं की त्याची सारी चौकोनी घरं मिटून जातेत, अन् ते दहा हात भरते. मंग तेच दहा हात जाळं सात हात दोरावर बांधाचं. दोरावरून ते खाली सुटलं की घरं उघडतेत, अन् एकेक घर असं उभं राह्यते जशी कोणी पाटी एका कोपऱ्यावर उभी केली. वरच्या गाठीपासून एक धागा डावीकडे उतरते, एक उजवीकडे. दोघं सारखे. काटकोन पक्का.

मले समजाले लागलं तवापासून मी हेच पाहून राह्यली होती. बाले कोणी विचारलं, काऊन गा, सातच काऊन, आठ काऊन नाई, तं बा म्हणे, "आठ केलं तं मासोळी हासते." बस. ह्याच्या पुढं त्यानं कधी सांगतलं नाई अन् आमी कधी विचारलं नाई.

आमी ढिवर. गावचा तलाव आधी मालगुजाराचा होता, तवा नुकताच सरकारचा झाला होता, पण पाणी तेच अन् मासोळी तीच. बा जाळं लावे, माय बाजाराच्या गावाले टोपलं घेऊन जाये. मी दोन कोस चालत तहसिलीच्या शाळेत जाये. तलावाच्या पाळीवरून जाचं, मंग बांबूच्या रानातून, मंग धानाच्या शेताइच्या धुऱ्यावरून. मोहाची फुलं पडाच्या दिवसात पाळीखाली अस्वल येऊन बसे म्हून तेवढे दिवस दुसऱ्या वाटेनं.

आता हे सारं मी पहिले काऊन सांगून राह्यली, तं ह्या दहाले सातनंच मले दहावीत फसवलं होतं. असं फसवलं की माझं सायन्स जाता जाता राह्यलं. तीन वर्सं झाली त्याले, पण मले एकेक गोष्ट आठवते.

दहावीत एक विषय आपल्या मनानं घ्याचा होता. पोट्ट्याइनं जादा गणित घेतलं, पोट्ट्याइले सोडून आमी तिघी होतो, त्यातल्या दोघींनं गृहविज्ञान घेतलं. मी जादा गणित लिहून देल्लं. ज्याच्याजवळ जादा गणित नाई त्याले मॅट्रिकनंतर सायन्सले घेत नव्हते, अन् मले सायन्सलेच जाचं होतं. मोठ्या गुरुजींनी मले बलावलं. ते आमच्या शाळेचे हेडमास्तर, काळी टोपी, बोलताना टेबलावर पेन्सिल उभी ठेवत.

"पोरी, तुला जादा गणित कशाला हवं?"

"मले येते म्हून."

"अजून कोणी शिकवलंच नाही. येतं कसं?"

"मंग येईल ना वो गुरुजी!"

पेन्सिल पडली. त्यांनी ती पुन्हा उभी केली. "सहामाहीत शंभरापैकी पन्नास. एक जरी कमी पडला तर दिवाळीनंतर तू त्या दोघींबरोबर. तिथं सुईदोऱ्याचं काम असतं, तुला जमेल."

जमेल म्हंजे! सूत अन् सुई हातात घेऊनच मी वाढली. त्याच्यासाठी दोन कोस कोण येते? पण मी "बरं गुरुजी" म्हणून आली.

गणिताचे गुरुजी वेगळे होते, वर्धेकडचे. बारीक माणूस, बाहीले कायम खडू लागलेला. आमच्याकडं ग्राफपेपर मिळत नव्हता. मिळाला तं पंधरा दिवसाले एक, तो बी साऱ्या वर्गात मिळून. म्हून त्यांनं वर्गाच्या मागची चुन्याची भिंत घेतली अन् तिच्यावर कोळशानं चौकटी आखल्या, इकडून तिकडं, वरून खाली. दोन दिवस लागले त्याले. मधात एक आडवी जाड रेघ, एक उभी जाड रेघ. तोच आमचा ग्राफ. पाऊस तिरपा आला की ऋण बाजू पुसून जाये, अन् गुरुजी पुन्हा आखत.

चढ त्यांनं लय सोप्पा शिकवला. म्हणाले, "तलावाच्या पाळीवर चढता ना? पायथ्यापासून आडवे किती गेलात, आणि वर किती चढलात? वरचं भागिले आडवं. झाला चढ."

"अन् तिकडून उतरलो तं?" मी विचारलं.

"मग उणे."

मले इतकं आवडलं! घरी जाताना मी पाळीवर पावलं मोजत चढली. एक पाऊल वर जाले अडीच पावलं आडवं जावं लागे. रोज तिच्यावरून जाये अन् मले ठाऊकच नव्हतं का हिचा बी एक आकडा आहे. समांतर रेषांचा चढ सारखा, हे बी एका दिवसात समजलं.

मंग काटकोनाचा दिवस आला.

गुरुजींनी भिंतीवर एक रेघ काढली. एक चौकट आडवी, एक चौकट वर, असं करत करत तिरपी चढत गेलेली. तिच्यावर दुसरी काढली, काटकोनात. म्हणाले, "हिचा चढ एक. आता हिला जी लंब आहे, तिचा चढ..."

मी उभीच झाली. "उणे एक! चिन्ह बदलाचं गुरुजी!"

"बरोबर. या ठिकाणी उणे एक."

"बरोबर" एवढंच माझ्या कानात शिरलं. "या ठिकाणी" शिरलंच नाई. मले काय वाटलं असंल सांगा! भिंतीवर आमचंच जाळं काढलं होतं ना त्यांनं! एक धागा चढते, एक उतरते, दोघं सारखे, मधात काटकोन. हजारदा पाहिलेलं. गुरुजी पुढं अर्धा तास बोलत होते, पोट्टे लिहून घेत होते, अन् मी वहीच्या मागच्या पानावर घरांमागून घरं काढत बसली होती. आता हे बी ऐकाचं का, हे तं आमच्या घरचंच आहे, असं वाटून राह्यलं होतं मले.

सहामाहीच्या आठ दिवस आधी गुरुजींनी छोटी परीक्षा घेतली. पाच उदाहरणं, दहा गुण. रेषेचा चढ देल्ला आहे, लंब रेषेचा चढ सांगा. देल्लेले चढ होते एक, दोन, तीन, दोन तृतीयांश, अन् उणे चार. मी पाच मिन्टात पेपर देल्ला. उणे एक, उणे दोन, उणे तीन, उणे दोन तृतीयांश, चार. इतकं सोप्पं कोणी विचारते का, असं मनात म्हणत बाहेर येऊन बसली.

शुक्रवारी पेपर वापस भेटले. दहापैकी दोन पडले. पहिलं तेवढं बरोबर. बाकी चारवर लाल शाईची फुली, अन् खाली लिहिलेलं, "काढून पाहा."

माझ्या मागच्या बाकावर एक पोट्टा बसे. धानाचं मोठं घर, पायात बूट. त्यानं मागून वाकून पाह्यलं.

"काय वो बाई, आज जाळ्यात दोनच लागल्या का?"

"तुले किती पडले?"

"आठ. दिवाळीनंतर शेवया करान ना, तवा आमाले बलावजा."

सारा वर्ग हासला. मी उठली ते सीध्धी गुरुजींच्या टेबलापाशी. रडू येत होतं पण राग त्याच्याहून मोठा होता.

"गुरुजी, मले दोन काऊन देल्ले? चढाचं चिन्ह बदललं की काटकोन होते. आमच्या जाळ्यात होतेच!"

"कोणत्या जाळ्यात?"

"मासोळीच्या. बाच्या."

दुसरं कोणी असतं तं म्हणालं असतं, जा, जाग्यावर बस. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, अन् म्हणाले, "उद्या घेऊन ये."

दुसरा दिवस शनिवार, सकाळची शाळा. बाजवळ जाळ्याचा एक उरलेला तुकडा होता, हातभर दोरावर चढवलेला. तो मी पिशवीत घालून नेला. किती बी धुतला तं जाळ्याचा वास जाते का? वर्गात काढला अन् पोट्ट्याइनं नाकं धरली. मागचा म्हणे, "गुरुजी, आज भाजी कायची आहे?"

"तुझ्या डोक्याची," गुरुजी म्हणाले, अन् त्यांनं फळ्याच्या दोन खिळ्याइले दोर बांधला. जाळं खाली सुटलं. त्यांनं आपल्या पेटीतून गुण्या काढला, तो तीन कोनाचा, काटकोन असलेला, अन् एका घरात घातला. असा बसला जसा त्याच्यासाठीच विणला होता! दुसऱ्या घरात घातला, तिसऱ्यात घातला. साऱ्यात बसला.

पोट्ट्याइनं नाकावरचे हात काढले. मागच्यानं बी. मी म्हणाली, "पहा!"

गुरुजींनी गुण्या पेटीत ठेवला. मंग म्हणाले, "काटकोन आहे. एका धाग्याचा चढ एक, दुसऱ्याचा उणे एक. तुझं बरोबर आहे."

"मंग!"

"आता मला ह्यात चढ दोन असलेला धागा दाखव."

मी शोधला. वरून खाली पाह्यलं, इकडून तिकडं पाह्यलं. एक बी नव्हता. सारे एकचेच.

"नाई गुरुजी. आमचं सारं सातावरच राह्यते."

"मग ज्याचा चढ दोन आहे असं एक घर कर. आणि त्याच्यात काटकोन बसतो का पाहा. मी सांगणार नाही." त्यांनं जाळं सोडून माझ्या हातात देल्लं. "सोमवारी पेपर आहे," असं बी म्हणाले, जसं काई मी विसरलीच होती.

इतवारी दुपारी बा आंगणात बसला होता. बांबूवर मोठं जाळं वाळत होतं, रोजचंच, तलावात लावाचं, अन् बा खालच्या दोराले भाजलेल्या मातीच्या गोळ्या बांधत होता. ह्या गोळ्याइच्या वजनानंच जाळं पाण्यात सीधं खाली राह्यते.

"बा गा, मले एक बोट आडवं अन् दोन बोटं खाली असं घर पाहिजे."

"असं घर कोणी ठेवते का?"

"शाळेले पाहिजे. उद्या पेपर आहे. पन्नास नाई पडले तं मले गणितातून काढतेत."

बानं वर पाह्यलं. माझ्या सायन्सचं बाले काई समजत नव्हतं, पण काढतेत हे समजलं. मोठ्या जाळ्याकडं हनवटी केली. "वरच्या दोरावरच्या गाठी सैल कर अन् सरकव. वैनगंगेवरचे लोक पाचावर चढवतेत म्हणतेत. मी काई पाह्यलं नाई."

मी जाळ्याचा एका कडेचा भाग घेतला, ताणून दहा हात भरल एवढा. सात हात दोरावर तो पसरला होता. गाठी सैल केल्या अन् एकेक करून जवळ सरकवत गेली. घरं अरुंद होत गेली, लांब होत गेली. बोटं लावून लावून पाहत होती. आडवं एक बोट, खाली पावणेदोन. अजून सरकव. आडवं एक, खाली दोन. आली! गाठी आवळल्या अन् दोर मोजला.

"बा, साडेचार हात!"

बानं पाह्यलं. "साडेचार? हे जाळं नोहे, पोतं आहे."

आता काटकोन पाहाचा होता. माझ्याजवळ कंपास नव्हता, गुण्या कुठून येईल? पण बाजवळ विणाची पट्टी होती. बांबूची, चपटी, चार बोटं रुंद, हिच्यावरूनच सूत घेऊन घरं सारखी पडतेत. बा तिचे कोपरे घासून घासून काटकोनात ठेवे, कोपरा गोल झाला की नवी करे. मी पट्टीचा कोपरा वरच्या गाठीखाली घरात घालाले गेली.

मावेचना! दोन धागे असे जवळ आले होते जसा चिमटा. एकाचा चढ दोन, दुसऱ्याचा उणे दोन, अन् मधात काटकोनाच्या अर्ध्याहून थोडा जास्त कोन. मी दुसरं घर पाह्यलं. तिसरं पाह्यलं. सारे चिमटे. म्हंजे चिन्ह बदलून काटकोन होत नव्हता. माझ्या चारी उदाहरणात मी गुरुजीले चिमटे लिहून देल्ले होते.

मी पट्टी अजून एकदा घरात घुसवून पाह्यली.

"काय झालं?" बा म्हणाला.

"बसत नाई."

"मंग कुठी बसते ते पाह्य ना."

हे मले सुचलंच नव्हतं. मी पट्टी घराच्या बाहेर आणली. कोपरा गाठीवर ठेवला, एक कड डाव्या धाग्यावर पक्की लावली. तो धागा एक बोट आडवा अन् दोन बोटं खाली जात होता, म्हंजे डावीकडून पाह्यलं तं दोनच्या चढानं गाठीपर्यंत चढत होता. अन् पट्टीची दुसरी कड? ती उजव्या धाग्यावर नव्हतीच. ती त्याच्या लय वर, अलग, जवळपास आडवीच चालली होती. मी बोटं लावली. दोन बोटं आडवी, एक बोट खाली.

पुन्हा लावली. दोन आडवं, एक खाली.

"बा! उलटं झालं! आडवं होतं ते उभं झालं, उभं होतं ते आडवं!"

"पट्टी फिरवली तं होणारच ना," बा म्हणाला, गोळी बांधता बांधता. "लांबं ते रुंद होते. त्यात काय?"

त्यात काय! मी एका घराच्या गाठी अजून सरकवल्या, एक बोट आडवं, तीन खाली. पट्टी लावली. दुसरी कड तीन आडवी, एक खाली. दोनचा लंब उणे एक द्वितीयांश. तीनचा उणे एक तृतीयांश. आकडा उलटा करा अन् चिन्ह बदला, दोन्ही कामं कराची आहेत, अन् मी एकच करून राह्यली होती! अन् सातावर? सातावर आडवं एक, उभं एक. एकले उलटं केलं तं एकच राह्यते. उलटं झालं हे दिसणार कुठून? माझ्या जल्मात मी एक बी जाळं असं नव्हतं पाह्यलं का ज्याच्यात ते दिसलं असतं. बाचं काम इतकं बरोबर होतं म्हूनच मी चुकली होती.

मी बाले हे सारं सांगतलं, हात करून करून, दोनदा. बानं ऐकलं. शेवटी म्हणाला, "म्हंजे साडेचाराच्या जाळ्यात काटकोन धाग्यावर नसते."

"नसते! हवेत असते!"

"हवेतली मासोळी धरावी लागल मंग."

तेवढ्यात माय बाजारातून आली. टोपलं खाली ठेवलं. "अवो, उद्या पेपर अन् तू जाळ्यात काय गुतली? चल, भात खा पहिले." मी आत गेली, खाल्लं, अन् वही घेऊन बसली. ती चारी उदाहरणं पुन्हा केली. मंग अजून वीस केली. मंग झोपली.

सोमवारी पेपर. काटकोनाची चार उदाहरणं आली होती. पहिली तीन अशी केली का लिहिताना हात पेनाच्या पुढं पळत होता. चौथं होतं: आडव्या रेषेला लंब असणाऱ्या रेषेचा चढ किती?

मी थांबली. आडव्या रेषेचा चढ शून्य. कितीबी आडवं जा, वर काईच नाई. उलटं करा. तं खाली शून्य येते, अन् शून्यानं भागता येत नाई. शून्याचं चिन्ह बी काय बदलाचं? मी डोळे मिटले अन् जाळं आणलं समोर. वरचा दोर आडवा. त्याले सूत बांधलं, सुताले मातीची गोळी. ते सीधं खाली जाते. आडवं काईच जात नाई. ज्यात आडवं जाणंच नाई त्याचा चढ आकड्यात कसा सांगू? मी लिहिलं, "रेषा उभी आहे. चढ सांगता येत नाही, कारण आडवे अंतर शून्य आहे." लिहिलं अन् अजून एकदा तो आडवा दोर मनात पाह्यला.

दोर!

मी गाठी साडेचारावर सरकवल्या होत्या अन् परत सात केल्याच नव्हत्या. सातातून साडेचार गेले, अडीच हात दोर रिकामा! अन् बा सकाळी मी उठाच्या आधीच जाळं घेऊन तलावावर गेला होता. अडीच हाताचं दार उघडं ठेवून जाळं लावलं असंल तं तलावातली सारी मासोळी तिथून पार होईल, अन् माय उद्या बाजारात काय घेऊन जाईल?

शेवटचे दोन प्रश्न मी कसे लिहिले मले सांगता येत नाई. एक अर्धाच राह्यला. तो येत होता मले, पण डोळ्यासमोर तो रिकामा दोरच येत होता. घंटा झाली अन् मी दोन कोस अर्धी चालत, अर्धी पळत आली.

बा पाळीवर बसला होता. डोंगा काठाले लावलेला. जाळं बाजूले.

"बा, मी सरकवलंच नाई!"

"ठाऊक आहे. डोंग्यातून सोडताना हातात आलं अन् समजलं. मी म्हणलं हे कोणाचं काम आहे."

"मंग?"

"मंग काय. तेवढं गुंडाळून बांधलं अन् बाकीचं लावलं."

"मासोळी?"

"जाळं लहान तं मासोळी कमी. माय बडबडल थोडी." त्यानं बिडी विझवली. "पेपर कसा गेला?"

"काटकोनाचं सारं बरोबर. शेवटचं एक अर्धं राह्यलं. पन्नास होतेत का नाई सांगता येत नाई." अन् मी खाली बसून गाठी सैल कराले लागली.

बानं माझा हात धरला. "राहू दे."

"काऊन? मी आत्ता सात करते ना."

"निकाल कवा आहे?"

"आठ दिवसानं."

"मंग आठ दिवस राहू दे. नापास झाली तं पुन्हा पाहाले लागल."

आठ दिवस बा तेवढा तुकडा गुंडाळून बाकीचंच जाळं लावत राह्यला. माय बडबडली. दोनदा मी चोरून गाठी सोडाले गेली, दोनदा बानं आवाज देल्ला. दुसऱ्या वेळी तं त्यानं पाह्यलं बी नाई, पाठ करूनच म्हणाला, "हात काढ वो."

निकालाच्या दिवशी मोठे गुरुजी सोता वर्गात आले. हातात कागद. जादा गणिताचे गुण एकेकाचं नाव घेऊन वाचले. माझ्या मागच्याले अठ्ठेचाळीस पडले. यादीच्या शेवटच्या अर्ध्यात माझं नाव आलं. त्यांनं कागदाकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं.

"त्रेपन्न."

अन् पुढचं नाव वाचलं. मी बाकाखाली दोन्ही हात घट्ट धरून बसली होती, ते सोडले. आमचे बारीक गुरुजी खिडकीपाशी उभे होते, त्यांनं फक्त बाहीवरचा खडू झटकला. माझ्या पेपरावर त्या उभ्या रेषेच्या उत्तराले त्यांनं पुरे गुण देल्ले होते.

मधल्या सुटीत मागचा पोट्टा आला. बूट घासत उभा राह्यला.

"बाई, ते जाळं आहे का वो अजून?"

"काऊन? नाक धराचं आहे का?"

"नाई ना. मले त्या उभ्या रेघीचं काई समजलंच नाई. मी शून्य लिहून देल्लं."

"उद्या आणते," मी म्हणाली. "गोळी बांधून आणते."

घरी आली तं बा आंगणातच होता. जाळं बांबूवर टाकलेलं, अन् त्याच्यात तो साडेचाराचा तुकडा पोत्यासारखा लोंबत होता.

"राह्यली का?"

"राह्यली. त्रेपन्न."

"मंग कर सात."

मी गाठी सैल केल्या. बानं दोराचं एक टोक ताणून धरलं, मी एकेक गाठ मागं सरकवत गेली. घरं उघडत गेली. चिमट्याचे पुन्हा चौकोन झाले. हातानं मोजलं, सात भरले. शेवटची गाठ आवळाच्या आधी मी थांबली. काल रात्रीपासून एक हिशेब माझ्या डोक्यात फिरत होता. ताणलेला धागा दहा, आडवं आठ केलं, तं उभं बरोबर सहा राह्यते. दहाचा वर्ग शंभर, त्यातून आठचे चौसष्ट गेले, उरले छत्तीस.

"बा, आठावर केलं ना, तं चढ पाऊण येते. अन् त्याचा लंब मंग उणे चार तृतीयांश, तो धाग्यावर येतच नाई. घर आडवं फाकते."

बानं दोर सोडला नाई.

"तेच तं म्हणून राह्यलो मी इतके वर्सं," तो म्हणाला. "मासोळी हासते. आवळ गाठ."